पिंजरा कुठे गेला? बर्जरचा निबंध, राणीची बाग आणि माझे फोटो

मागच्या महिन्यात 'पेट'ची तयारी करणाऱ्या एका मुलीनं विचारलं, "ताई, सिनॉप्सिसमध्ये सैद्धांतिक चौकट लिहायची असते ना, म्हणजे नेमकं काय करायचं? एखाद्या मोठ्या लेखकाचं म्हणणं दोन पानांत मांडायचं आणि खाली लिहायचं की माझा अभ्यास या चौकटीत आहे, एवढंच ना?"

मी जरा ओशाळलेच. कारण चार वर्षांपूर्वी मी अगदी हेच केलं होतं. माझा विषय शहरातल्या प्राण्यांची छायाचित्रं हा आहे आणि माझा 'मोठा लेखक' होता जॉन बर्जर. त्याचा 'व्हाय लुक ॲट ॲनिमल्स?' हा निबंध मी इतक्या वेळा वाचला होता, की त्यातले मुद्दे क्रमाने पाठ होते. मग एक दिवस कॅमेरा घेऊन राणीच्या बागेत गेले आणि त्या निबंधाला शोभतील असे फोटो काढून आणले. मला वाटलं, पुरावा मिळाला!

आजची पोस्ट त्या एका दिवसावर आणि त्या निबंधावर. एखादा आवडता ग्रंथ तपासायचा कसा, हे सांगण्यासाठी माझ्या स्वतःच्या चुकीइतकं सोयीचं उदाहरण माझ्याकडे दुसरं नाही.

आधी निबंध काय म्हणतो ते नीट

टीका करण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत मांडता आलं पाहिजे. तेव्हा आधी ते करू.

बर्जर म्हणजे 'वेज ऑफ सीइंग'वाला. 1972मध्ये बीबीसीवर मालिका आणि पाठोपाठ पुस्तक. प्राण्यांवरचा हा निबंध 1977मध्ये 'न्यू सोसायटी'त आला आणि 1980च्या 'अबाउट लुकिंग' या संग्रहात पहिलाच म्हणून छापला गेला. तोवर बर्जर इंग्लंड सोडून फ्रान्सच्या आल्प्समधल्या एका खेड्यात राहायला गेला होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. पूर्वी माणूस आणि प्राणी एकमेकांच्या नजरेत होते. प्राणी माणसाकडे बघायचा, माणूस त्याच्याकडे बघायचा, आणि दोघांमध्ये न ओलांडता येणारी दरी असूनही त्या बघण्यातून माणसाला स्वतःबद्दल काहीतरी कळायचं. शेतकऱ्याचा आपल्या डुकरावर जीव असायचा आणि त्याचं मांस खारवून ठेवण्यातही त्याला आनंद असायचा. बर्जर म्हणतो, इथे 'आणि' महत्त्वाचा आहे. शहरी माणूस त्या जागी 'पण' घालतो.

पुढे औद्योगिक भांडवलशाही आली आणि प्राणी रोजच्या आयुष्यातून हद्दपार झाले. नेमक्या त्याच काळात मोठी प्राणिसंग्रहालयं उभी राहिली: पॅरिस, लंडन, बर्लिन. म्हणजे जे नाहीसं झालं त्याचं हे स्मारक. लोक तिथे चित्रांच्या प्रदर्शनात फिरावं तसे एका पिंजऱ्यापाशी थांबतात, पुढच्याकडे सरकतात. पण हाती निराशा येते, कारण पिंजऱ्यातला प्राणी तुमच्याकडे बघतच नाही. त्याची नजर तुमच्यावरून घसरून पलीकडे जाते. भेट होण्याची शक्यताच संपलेली असते.

एकदा वाचलं की डोक्यातून जात नाही असं हे लेखन आहे. त्याचा धोकाही तोच.

तो दिवस

मंगळवार होता. बुधवारी बाग बंद असते आणि शनिवार-रविवारी काचेपर्यंत पोचायलाच मिळत नाही. भायखळ्याला पूर्वेकडे उतरून चालत गेले. मुद्दाम एकटीच. सोबत कुणी असलं की दर दहा मिनिटांनी "झालं का गं?" सुरू होतं. पाठीवर कॅमेरा, 70-300ची लेन्स, पोळीभाजीचा डबा, आणि पिवळ्या हायलायटरनं रंगवलेली निबंधाची झेरॉक्स.

ज्यांनी बाग पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: 1862मध्ये ही 'व्हिक्टोरिया गार्डन्स' म्हणून सुरू झाली, म्हणून राणीची बाग. आजचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. मुळात ही वनस्पतींची बाग आहे आणि आजही प्राण्यांपेक्षा झाडंच जास्त भेटतात. 2017पासून लोकांची सर्वांत मोठी रांग पेंग्विनपाशी लागते. ते हम्बोल्ट जातीचे, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथे बर्फ नसतो, पण माझ्या पुढे उभा असलेला प्रत्येक बाप पोराला "ते बघ, बर्फातले पक्षी" असंच सांगत होता. (मीही लहानपणी हेच ऐकलंय, त्यामुळे हसायचा हक्क नाही.)

फोटो काढायच्या दोन युक्त्या सांगते, कारण सगळी गंमत त्यांच्यातच आहे.

पहिली, जाळीची. लेन्स जाळीच्या शक्य तेवढी जवळ न्यायची, झूम पूर्ण लांबवायचा, ॲपर्चर जितकं उघडेल तितकं उघडायचं, आणि प्राणी जाळीपासून दूर जाईपर्यंत थांबायचं. फोकसची पट्टी इतकी अरुंद होते, की लेन्ससमोरची तार धूसर होत होत फोटोतून गायबच होते. दुसरी, काचेची. लेन्सचं रबरी हुड काचेला टेकवायचं आणि भोवती काळा रुमाल धरायचा. मागच्या गर्दीचं, तुमच्या स्वतःच्या चेहऱ्याचं, सगळं प्रतिबिंब जातं.

दोन्ही युक्त्या मला उत्तम जमल्या. संध्याकाळपर्यंत चारशेच्या आसपास फोटो झाले. त्यातला एक तर मला फारच आवडला: वाघ बसलेला, कानावर ऊन, नजर चौकटीच्या डावीकडे, कुठेतरी लांब. मी त्याला मथळा दिला, 'कुणाकडेच न बघणारा'. विभागाच्या सेमिनारमध्ये दाखवला, खाली बर्जरचं नाव लिहिलं. टाळ्या पडल्या. एका सरांनी "फार अस्वस्थ करणारं" म्हटलं. मी खूश.

मॅडमचे दोन प्रश्न

माझ्या गाइड मॅडम सेमिनारमध्ये काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये लॅपटॉप उघडायला लावला आणि त्या फोटोवर बोट ठेवून विचारलं, "पिंजरा कुठंय?"

मी म्हटलं, "काच आहे मॅडम, दिसत नाहीये फक्त."

"तू म्हणतेस हा बंदिवासाचा फोटो आहे. बंदिवास तर तू पुसून टाकलास. हाच फोटो ताडोबाचा म्हणून छापला तर कुणाला कळेल?" मग दुसरा प्रश्न. "आणि याच्या आधीची पाच मिनिटं तो काय करत होता?"

मला दुसऱ्याचं उत्तर येत नव्हतं.

त्यांनी कपाटातून गॅरी विनोग्रँडचं 'द ॲनिमल्स' काढून दिलं. 1969मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं प्रकाशित केलेलं छोटं पुस्तक, सेंट्रल पार्कचं प्राणिसंग्रहालय आणि कोनी आयलंडचं मत्स्यालय यांतले फोटो. मी जे जे पुसलं होतं ते ते त्यानं ठेवलं होतं. गज, कुंपण, हात पुढे केलेली माणसं, ओव्हरकोट. माणूस आणि प्राणी एकाच चौकटीत आणि कोण कुणाला बघतंय हा प्रश्न तसाच उघडा.

पण विनोग्रँडवरही माझी एक तक्रार आहे आणि ती मी प्रबंधातही लिहिली आहे. त्याच्या बऱ्याच फोटोंत विनोद असा घडतो, की प्राण्याची सोंड किंवा जबडा माणसांच्या वागण्यावरची टिप्पणी होऊन जातो. पिंजरा परत आला, पण प्राणी माणसांबद्दल बोलण्याचं निमित्त ठरला. जाळी फोटोत ठेवली म्हणजे आपण प्रामाणिक झालो, असंही नाही.

कॅमेऱ्याची वही

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी सगळ्या फोटोंची वेळ काढली. डिजिटल फोटोच्या पोटात तारीख, वेळ, फोकल लेंग्थ, ॲपर्चर हे सगळं नोंदलेलं असतं, त्याला एक्झिफ म्हणतात. ते एका तक्त्यात टाकलं आणि बघितलं.

वाघाचे फोटो झुबक्यांनी आले होते. एका मिनिटात दहा-बारा, मग अर्धा तास काहीच नाही, मग पुन्हा झुबका. मधल्या अर्ध्या तासात मी तिथेच बाकावर बसले होते. वाघ झोपला होता, म्हणून कॅमेरा मांडीवर. म्हणजे माझ्या संग्रहावरून कुणी अंदाज बांधला, तर हा प्राणी दिवसभर एकतर येरझाऱ्या घालतो किंवा विचारमग्न बसतो असं वाटेल. झोप माझ्या 'डेटा'त जवळजवळ नव्हतीच.

या चुकीला नाव आहे. जीन ऑल्टमन या प्राणिवर्तन-अभ्यासकाचा 1974मध्ये 'बिहेवियर' नियतकालिकात आलेला निरीक्षणपद्धतींवरचा लेख तुमचा विषय कुठलाही असो, वाचा. जे लक्ष वेधून घेईल ते टिपत जाणं म्हणजे 'ॲड लिबिटम' नमुना. सुरुवातीला प्रश्न सुचायला तो चांगला. पण 'किती वेळा', 'किती वेळ' यांची उत्तरं त्यातून काढता येत नाहीत, कारण काय टिपायचं ते प्राण्याच्या ठळक हालचाली आणि तुमची आवड मिळून ठरवतात. त्यासाठी एकच प्राणी धरून ठराविक काळ सलग बघायचं, किंवा घड्याळ लावून दर ठराविक मिनिटांनी त्या क्षणी जे चाललंय तेच नोंदवायचं, मग ते कितीही कंटाळवाणं असो.

इथवर मी फार तर निष्काळजी ठरते. खरी लाज वाटायला लावणारी गोष्ट 'रिजेक्ट' नावाच्या फोल्डरमध्ये होती.

दुपारी चारच्या सुमाराचे तीन फोटो. वाघाची मान उंच, कान पुढे वळलेले, नजर एका जागी खिळलेली. तांत्रिकदृष्ट्या एकदम स्वच्छ. मी ते का टाकले होते ते मला चांगलं आठवत होतं. 'फार जागा वाटतो' म्हणून! कुणाकडेच न बघणारा वाघ मला हवा होता आणि हा तर कशाकडे तरी रोखून बघत होता.

कशाकडे? ते सांगता येत नव्हतं. मी इतकं घट्ट झूम केलं होतं, की वाघाशिवाय चौकटीत काही उरलंच नव्हतं.

दुसरी फेरी

म्हणून पुन्हा गेले. या वेळी लांब लेन्स घरी ठेवली. वही, घड्याळ आणि दर दोन मिनिटांनी एक खूण. सांगते ना, फार कंटाळवाणा दिवस होता. 'विश्रांती'चा रकाना भरत गेला, बाकीचे जवळपास रिकामे. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "काय, सर्व्हे आहे का?" वाघ जंगलातही दिवसाचा मोठा भाग पडूनच काढतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण माझा मथळा लिहिताना ते आठवलं नव्हतं.

चारच्या जरा आधी मागच्या बाजूने बादलीचा आवाज आला. मला तो नीट ऐकूही आला नव्हता, वाघाला आला. कान फिरले, मान वर झाली, नजर मागच्या दाराकडे. अगदी त्या तीन फोटोंतली मुद्रा. मग उठून तो तिकडे गेला. काचेवर हात आपटणारी पोरं, शिट्ट्या, मोबाइल, यांपैकी कशाकडेही दिवसभर ज्याने ढुंकून पाहिलं नव्हतं, त्याने पलीकडच्या एका माणसाची चाहूल लांबून ओळखली होती.

आता इथे घसरायला दुसरी जागा आहे. 'म्हणजे वाघाचं राखणदारावर प्रेम आहे' असं लिहायचा मोह होतो. ते लिहू नका. बादली म्हणजे मांस. ठरलेल्या वेळी ठरलेला आवाज आला की कुठलाही प्राणी शिकतो. मी एकाच वाघाला दोनदा पाहिलं. यातून एवढंच सिद्ध होतं, की 'पिंजऱ्यातल्या प्राण्याची नजर मेलेली असते' हे सरसकट विधान टिकत नाही. नजर जिवंत आहे. फक्त ती आपल्यासाठी नाही.

हे सांगणारी मी पहिली नाहीच. हायनी हेडिगर हा स्विस प्राणिशास्त्रज्ञ बर्न, बासेल आणि झुरिकच्या प्राणिसंग्रहालयांचा प्रमुख होता. बंदिवासातल्या वन्य प्राण्यांवरचं त्याचं पुस्तक 1942चं, म्हणजे बर्जरच्या निबंधाच्या 35 वर्षं आधीचं. प्राण्याचं पलायन-अंतर म्हणजे काय, बंदिस्त प्राणी आपल्या जागेची वाटणी कशी करतो, माणसाला तो कुठल्या भूमिकेत घेतो, हे सगळं त्यात येतं. मला हे पुस्तक बर्जरनंतर तीन वर्षांनी सापडलं. कारण साधं होतं: मी फक्त माझ्याच विभागाच्या कपाटात शोधत होते.

मग प्राण्याच्या दुःखाबद्दल बोलायचंच नाही का?

सेमिनारमध्ये हमखास येणारा प्रश्न. बोलायचं, जरूर बोलायचं, पण फोटोतल्या डोळ्यांवरून नाही. रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन यांचा 2003मध्ये 'नेचर'मध्ये आलेला शोधनिबंध बघा. त्यांनी वेगवेगळ्या मांसभक्षक प्रजातींची तुलना केली आणि दाखवलं, की जंगलात ज्यांचा वावर जितका मोठ्या प्रदेशात, तितक्या बंदिवासात त्यांच्या निरर्थक येरझाऱ्या जास्त आणि पिल्लांचे मृत्यूही जास्त. ध्रुवीय अस्वल त्यात ठळकपणे येतं. इथे 'बिचारा' हा शब्दही न वापरता बंदिवासावर केलेली टीका आहे आणि ती माझ्या टाळ्या मिळवणाऱ्या फोटोपेक्षा कितीतरी पक्की आहे. कारण तिला खोटं ठरवायचं असेल तर काय मोजावं लागेल, ते तिच्यातच सांगितलेलं आहे.

बर्जर किती उरतो?

आता हिशेब करू.

एक, नजरेचं विधान. ते वर पडलंच.

दोन, प्राणी नाहीसे झाल्याचं विधान. बर्जर पश्चिम युरोपबद्दल बोलत होता आणि तेही खेड्यात राहायला गेलेल्या माणसाच्या ओढीनं. त्याचा 'आणि' मला लगेच कळला, कारण माझे आजोबा पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-लोणी लावून बैलांचे खांदे मळायचे आणि बैल थकला की त्याला आठवडी बाजारात उभा करायचे. त्यांना त्यात विसंगती दिसली नाही. पण मुंबईतून प्राणी नाहीसे झालेत, असं म्हणायला मी कचरते. कावळे, घारी, भटकी कुत्री, मासळी बाजारातली मांजरं, आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या इमारतींच्या आवारापर्यंत येणारे बिबटे. खुद्द राणीच्या बागेत रातबगळे आणि कावळे प्राण्यांच्या खाण्यात वाटा मागायला येतात, तिकीट न काढता. माझ्या चारशे फोटोंत कावळा एकही नाही. पिंजऱ्याबाहेरचा प्राणी मला 'प्राणी' वाटलाच नव्हता. मला वाटतं बर्जरला इथून खरा प्रश्न विचारता येतो: प्राणी नाहीसे झाले, की आपण त्यांना मोजायचं सोडून दिलं?

तीन, बघणाऱ्यांबद्दलचं विधान. इथे मात्र तो भक्कम उभा आहे. बागेतच भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी घारापुरीचा दगडी हत्ती आहे. इंग्लंडला न्यायच्या प्रयत्नात त्याचे तुकडे झाले आणि 1914मध्ये ते जोडून त्याला पुन्हा उभं केलं. दुसऱ्या फेरीत वाघाला कंटाळून मी अर्धा तास त्याच्यापाशी बसले. लोक येत, पाठ करून उभे राहत, सेल्फी काढत, पुढे जात. वाघाच्या काचेपाशीही हेच चाललं होतं. जिवंत वाघ आणि दगडी हत्ती यांच्यासमोर माणसं इतकं सारखं वागताना पाहिली आणि झेरॉक्समधला तो परिच्छेद पुन्हा काढून वाचला. (हेही ॲड लिबिटमच हं. मोजलेलं नाही.)

म्हणून माझं मत असं: बर्जरचा निबंध प्राण्यांबद्दल वाचला तर कच्चा आहे, माणसांच्या बघण्याबद्दल वाचला तर पक्का आहे. जोनाथन बर्ट या अभ्यासकाने 2005मध्ये या निबंधाचं ओळीओळीने वाचन करून त्याच्या निराशावादावर बोट ठेवलंय, तेही वाचा. पण आधी स्वतः भांडून घ्या, मग वाचा.

आणि एक गोष्ट बर्जरच्या बाजूने. तो निबंध लिहीत होता. आपल्या नजरेचा इतिहास मांडत होता, वाघाच्या वर्तनाचा अहवाल देत नव्हता. त्याच्या वाक्यांना 'निष्कर्ष' समजून त्यांच्यासाठी पुरावे गोळा करत सुटले ती मी. ही चूक त्याच्या खात्यावर टाकता येणार नाही.

तर, त्या मुलीचं उत्तर

चौकट लिहायची म्हणजे लेखकाचा सारांश द्यायचा नाही. त्याच्या म्हणण्यातलं एक असं विधान शोधायचं, जे तुमच्या जागी, तुमच्या सामग्रीवर चुकीचं ठरू शकतं. मग ते चुकतंय का ते बघायचं. कुठे टिकलं, कुठे वाकलं, हे लिहायचं. ते तुमचं संशोधन.

आणि 'रिजेक्ट' फोल्डर रिकामं करू नका. मुलाखतींवर काम करत असाल तर 'कामाची नाही' म्हणून बाजूला ठेवलेली मुलाखत, सर्वेक्षण असेल तर 'काहीतरी गोंधळ झालाय' म्हणून गाळलेला फॉर्म. महिन्यातून एकदा ते उघडा आणि प्रत्येक गोष्ट का टाकली याचं कारण एका ओळीत लिहा. कारण 'माझ्या सिद्धान्ताला शोभत नाही' असं निघालं, तर चहा पिऊन या आणि कामाला लागा.

तो फोटो प्रबंधात अजून आहे. मथळा बदललाय. आता तिथे वेळ आहे, लेन्स आहे, काचेला हुड टेकवून प्रतिबिंब घालवल्याची कबुली आहे, आधीचा अर्धा तास प्राणी झोपलेला होता ही नोंद आहे, आणि शेजारी 'रिजेक्ट'मधल्या तिघांपैकी एक. मॅडमनी मसुदा वाचून समासात पेन्सिलीनं एवढंच लिहिलं, "आता दिसतोय पिंजरा."